गजर वाजतो, दादा बंद करतो आणि विसरतो. उपाय हवा आहे

दीड वर्षापूर्वी अपघातात माझ्या मोठ्या भावाच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली. चालणं-बोलणं नीट आहे. बाहेरचा माणूस म्हणेल, याला काय धाड भरलीय! पण तीनची गोळी तीनला आठवत नाही.

मोबाइलवर गजर लावले. वाजला की दादा सराईतपणे बंद करतो आणि कशाचा होता ते तिथल्या तिथे विसरतो. मग आठवणींचं अ‍ॅप टाकलं. रंग, याद्या, फोटो, काय नाही त्यात! पण ते उघडायचं हेच लक्षात राहत नाही. जुन्या सवयीचा फोन मात्र डोळे मिटून वापरतो.

जमलं ते एकच: वेळेला एकच खण उघडणारा गोळ्यांचा डबा. उपडा करून गोळी काढेपर्यंत तो वाजत राहतो. असं पिच्छा न सोडणारं काही अंघोळ, व्यायाम, दार लावणं यासाठी आहे का? शेगडी आपोआप बंद करणारं यंत्रही बसवायचंय, पण त्याला वाटतं आपल्याला काही झालेलंच नाही. (हा हट्ट नाही, दुखापतीचाच भाग आहे म्हणे.) लोकेशन दाखवणारं घड्याळ त्याने परवाच काढून फेकलं.

उत्तर: ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे; दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमवायला मदत करणं हे माझं काम. यंत्र राहू द्या, आधी संदेश बदला. नुसतं ‘व्यायाम’ नको; ‘आत्ता ऊठ, निळी चटई अंथर’ असं हवं. अपघातात मेंदूला इजा झालेल्या मुलासाठी एका इंजिनिअर वडिलांनी न्यूरोपेज ही पेजर सेवा उभी केली, त्यात एवढंच होतं: ठरल्या वेळी एक ओळ. इंग्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ बार्बरा विल्सन यांच्या गटाने ती १४३ जणांवर तपासली. २००१ च्या निष्कर्षांत ८० टक्क्यांहून जास्त जणांची ठरलेली कामं जास्त वेळा पार पडली.

नवीन काही शिकवताना ‘जमतंय का बघ’ म्हणून हातात देऊ नका. चूक झाल्याचं आठवत नाही, पण चुकीची पायरी मात्र हातात बसते. पहिल्यापासून बरोबरच करवून घ्या. शेगडीचं यंत्र ‘घरासाठी’ म्हणून बसवा, त्याच्यासाठी म्हणून नको.

मी: आभार. पण संदेश माझ्या आवाजात ऐकून तो भडकेल, धाकटी ना मी! त्याच्याच आवाजात रेकॉर्ड केले तर?

उत्तर: चालेल की. शब्दही त्यालाच ठरवू द्या.