मावशींच्या झाडूचा परकर

रत्नागिरी, आमच्या सोसायटीचा ग्रुप. दिवाळी दहा दिवसांवर.

ए-२०४, सोमवार, सकाळी ९:१२
नमस्कार. आज जिना झाडताना मावशींना खोकल्याची अशी उबळ आली की दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर पाच मिनिटं बसून राहिल्या. पाणी दिलं, पाठ चोळली. परवा सोसायटीने नवीन फूलझाडू आणून दिलाय त्याचा भुसा, आणि वर रस्त्याच्या कामाची लाल धूळ. दोन्ही थेट नाकातोंडात. मी घरी वर्षभर झाडूला जुन्या कापडाची पिशवी चढवून जळमटं काढते. तसंच काही नीट बेतून मावशींच्या झाडूसाठी शिवावं असं मनात आहे. शिवणकाम मी करते, पण डोकी सगळ्यांची हवीत.

सेक्रेटरी, ९:२०
मास्कचं पाकीट आणून देऊ का?

ए-२०४, ९:२३
मास्क आहे दादा त्यांच्याकडे. चार मजले झाडत चढायचं, त्यात हा ऑक्टोबरचा उकाडा. मास्कने दम लागतो, मग त्या हनुवटीवर ओढतात. धूळ मुळातच कमी उडेल असं काही करूया.

सी-२०१, ९:३१
सरळ व्हॅक्यूम क्लीनर घ्या ना सोसायटीचा.

सेक्रेटरी, ९:३८
जिन्यात प्लगच नाहीत. चार मजले वायर ओढत न्यायची तर मावशींचं काम दुप्पट होईल.

सी-२०१, ९:४०
मग ओल्या फडक्याने पुसून घ्या आधी.

ए-२०४, ९:४४
ते केलंय काकू. जांभ्याची धूळ ओली झाली की तिचा चिखल होतो आणि पायरीवर लाल ओघळ उमटतात. भिंतीच्या डिस्टेंपरवर लागलं तर जातही नाही. आधी कोरडं निघायला हवं, पुसणं त्यानंतर.

बी-१०१ आजी, १०:०५
नवो झाडू पयलो गच्चीर न्हेवन कठड्यार आपटूक होयो. मगे ओल्या फडक्यान वरसून खाली पुसूचो. आमच्या मालवणाक वाडवण म्हणतत, ती माडाच्या हिरांची, तिका भुसो नाय. ह्यो फुलांचो झाडू आमच्या घरात मागसून इलो.

बी-२०३, १०:१७
आजी, बरोबर. हा झाडू म्हणजे गवताचा तुरा. मेघालय, आसाम अशा ईशान्येकडच्या डोंगरउतारांवर हे गवत वाढतं, थंडीत तुरे काढून वाळवतात. आपण भुसा म्हणतो ती त्या तुऱ्यातली बारीक फुलंच असतात. वापरून वापरून ती गळून जातात तेव्हा आपल्याला वाटतं झाडू चांगला झाला, आणि तोवर ती झाडणाऱ्याच्या नाकातोंडात जात राहतात. आज संध्याकाळी झाडू गच्चीवर नेऊन मी आपटतो. नाकाला रुमाल बांधून.

ए-४०२, दुपारी १:५०
ड्यूटीवरून आत्ता वाचलं. मी दवाखान्यात रोज हेच पेशंट बघते, म्हणून जरा लांब लिहिते. डोळ्यांना दिसते ती धूळ जाड असते आणि लवकर खाली बसते. १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, कण माणसाच्या उंचीवरून खाली यायला काही मिनिटं घेतो. पण २.५ मायक्रॉनचा कण बंद हवेत तासन्तास तरंगतो आणि फुप्फुसात खोलवर जातो तोच. मावशी झाडून गेल्यावर जिना स्वच्छ दिसतो तेव्हाही तो हवेत असतो, आणि शाळेत जाणारी आपली मुलं त्यातूनच उतरतात. त्यामुळे कापडाची कल्पना मला मनापासून पटली. फक्त एक अट: ते कापड रोज निघून धुतलं गेलं पाहिजे. आपल्या दमट हवेत धुळीतले सूक्ष्म किडे फार माजतात आणि दम्याच्या माणसाला त्यांचाच त्रास जास्त. ६० अंशाच्या गरम पाण्यात ते मरतात. झाडूवर महिनाभर तसंच राहिलेलं कव्हर नसलेल्या कव्हरापेक्षा वाईट.

ए-२०४, १:५८
हे लक्षात ठेवते ताई. म्हणजे काढायला-घालायला सोपं हवं, नाहीतर आठवड्याने ते तसंच राहील.

ए-२०४, मंगळवार, रात्री ८:४०
पहिला प्रयत्न फसला. जुन्या टीशर्टची पिशवी शिवली, दहा इंच खोल, तोंडाला इलॅस्टिक. झाडूच्या फुलांवरून चढवली. इलॅस्टिकने फुलं मधोमध आवळली, पंखा मिटला आणि झाडू दुधाची बाटली घासायच्या ब्रशसारखा गोल झाला. कोपऱ्यात शिरेना. दहा-बारा हात मारले आणि पिशवी सरकत सरकत टोकावरून निघून पायरीवर पडली. मावशी काही बोलल्या नाहीत, पण उचलून हातात दिली तेव्हा मलाच वाईट वाटलं.

सी-३०३ काका, ९:०२
फोटो बघितला. बेतच चुकलाय गं. मी चाळीस वर्षं कपडे बेतले, म्हणून सांगतो. फुलं मऊ आहेत, त्यांच्यावर कसलीही गाठ धरणार नाही. गाठ मारायची ती गळ्याशी, जिथे दांडा संपून फुलं सुरू होतात तिथे. वर नेफा घाल, त्यात नाडी ओव. गळा बारीक, खाली झाडू रुंद. गळ्याशी आवळलेलं कापड खाली सरकायचं म्हटलं तरी सरकणार नाही, झाडूचा आकारच त्याला धरून ठेवेल.

ए-२०४, ९:०९
पण काका, वर गळा बारीक ठेवला तर एवढा पंधरा इंचांचा पंखा त्यातून आत कसा जाणार? मुठीत दाबून घातला तर फुलं मोडतील. आणि गळा रुंद ठेवला तर चुण्यांचा गठ्ठा होईल.

सी-३०३ काका, ९:१५
खरं आहे. बाजूला चीर देऊन बटणं लावावी लागतील. उद्या विचार करून सांगतो.

बी-१०१ आजी, ९:३२
फुलांच्या बाजून कित्याक घालतंस? परकर डोक्यावरसून घालतत ना? दांड्याच्या बाजून घाल.

ए-२०४, ९:३३
आजी!!

सी-३०३ काका, ९:३६
आजींनी सोडवलं. खालून उघडं ठेवायचं. दांडा गळ्यातून वर काढायचा, कापड परकरासारखं फुलांवर सोडायचं, गळ्याशी नाडी. कळीचा परकर बेततो तसंच, वर निमुळतं, खाली घेर. मला हे सुचायला हवं होतं.

बी-२०३, ९:४१
खालचं तोंड बंद कसं करायचं? वेल्क्रो लावूया?

ए-४०२, ९:४४
वेल्क्रो नको. केस आणि फुलांचा भुसा त्यात असा अडकतो की सुईने काढावा लागतो. तो भरला की पकड जाते.

ए-२०४, ९:४७
टिचबटणंही नकोत. गेल्या पावसाळ्याआधी उशांना लावली होती. आपल्या खाऱ्या हवेत तांबेरा चढला आणि कापडावर डाग पडले ते गेलेच नाहीत.

सी-३०३ काका, ९:५५
काहीच लावू नका. उशीच्या अभ्र्याला आत वळणारी पट्टी असते ना, तशी एका बाजूला पाच इंच जास्त सोड आणि बाजूच्या शिवणीत धर. जळमटं काढताना ती पट्टी टोकांवरून घेऊन आत खोचायची. नको तेव्हा उलटून पाठीमागे टाकायची.

सी-१०२, बुधवार, सकाळी ७:३०
कापड कुठलं घेणार? आमच्याकडे मायक्रोफायबरची सहा फडकी पडून आहेत.

बी-२०३, ७:५२
मायक्रोफायबर धूळ छान धरतं. त्याचे धागे फार बारीक चिरलेले असतात आणि कोरडं घासलं की त्याच्यावर विजेचा थोडा भार येतो, त्यामुळे बारीक धूळ ओढली जाते. पण धुताना कपडे मऊ करणारं ते सुगंधी पाणी घालायचं नाही, नाहीतर धाग्यांवर थर बसतो. सुती कपड्यांबरोबरही धुवायचं नाही, त्यांची लव याला चिकटते.

ए-२०४, ८:१०
मावशी धुणार तर एवढी पथ्यं त्यांच्या डोक्यावर कशाला? मी फ्लॅनेल घेते. बाळांची जुनी दुपटी असतील तर द्या. त्याला लव असते, धूळ धरतं, गरम पाण्यात उकळलं तरी चालतं. सी-१०२ वहिनी, तुमची फडकी पंख्यांसाठी ठेवूया, तिथे ती फार उपयोगी पडतील.

बी-१०१ आजी, ८:२५
कापाड धुतलेला, चांगला घे गो. फाटक्या-मळक्यात लक्ष्मीक गुंडाळूची नाय.

ए-२०४, ८:२८
नाही आजी. धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करूनच बेतणार आहे.

ए-२०४, गुरुवार, सकाळी ११:३०
मावशींनी आज अख्खा ए विंग नव्या परकराने झाडला. त्या ग्रुपवर नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते, कारण झाडू त्यांच्या हातात असतो.

जिन्याच्या छताची जळमटं एका फेरीत निघाली आणि डोळ्यांत काही पडलं नाही. पायऱ्यांवर मात्र तोंड बंद असलेलं कापड कामाचं नाही. बारीक खडी आणि वाळू कापडाखाली घरंगळत राहते, पुढे जात नाही. पायरीच्या कोपऱ्यात फुलांची टोकंच लागतात. आणि पूर्ण फ्लॅनेलचं जड होतं, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं मनगट भरून आलं. हे शेवटचं मी विचारल्याशिवाय त्या सांगणारच नव्हत्या.

सी-३०३ काका, ११:४२
वरचा भाग हलका कर. धूळ लागते ती खालच्या वीतभरालाच.

ए-२०४, ११:४५
जुनी मच्छरदाणी! वर जाळी, खाली फ्लॅनेल. वजनही कमी आणि झाडूला वाराही लागेल.

ए-४०२, ११:५१
वारा लागणं फार महत्त्वाचं आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चार महिने भिंतींना ओल असते. ओलसर झाडूवर कापड बांधून ठेवलं तर आत बुरशी धरेल आणि मग झाडताना तीच उडेल. जून ते सप्टेंबर काम झालं की कव्हर काढायचंच, असं ठरवून टाका.

सी-२०१, दुपारी १२:०५
मी आधी व्हॅक्यूम म्हणाले होते, पण हे छान जमतंय. अंगणातल्या खराट्यालाही शिवणार का?

बी-१०१ आजी, १२:२०
खराट्याक नको. हीर कापाड फोडून भायर येतले. आणि शिंदीच्या केरसुणीकव नको, ती लक्ष्मीपूजनाची, तिका हळदकुंकू लावून तशीच ठेवूची.

ए-२०४, शुक्रवार, रात्री १०:१५
दुसरं तयार झालं. कुणाला शिवायचं असेल तर मापं देते, पण आपापला झाडू मोजून घ्या, प्रत्येक जुडी वेगळी असते. माझा टोकाशी पसरून १५ इंच, जाडी २ इंच. म्हणून खाली १८ इंच रुंदीचे दोन तुकडे, वर निमुळते होत ५ इंच. लांबी २२, नेफ्यासाठी दीड इंच वेगळा. खालचे ९ इंच फ्लॅनेल, वरची १३ इंच जाळी, जोडाला अर्धा-अर्धा इंच जास्त. पाठच्या तुकड्याला खाली ५ इंचांची पट्टी. जाळीची कड सुटते, म्हणून जोडावर वरून सुती पट्टी मारली. काकांनी ती उरेब, म्हणजे तिरकी कापून, घ्यायला सांगितली, सरळ घेतली तर निमुळत्या कडेवर ओढते. नाडी जुन्या परकराची.

पायऱ्या झाडताना पट्टी मागे टाकायची, नाडी सैल करून कापड चार बोटं वर ओढायचं आणि पुन्हा बांधायचं. टोकं मोकळी राहतात, वरची फुलं कापडात, भुसा आतच. भिंती आणि छताला कापड खाली सोडून पट्टी आत खोचायची.

काढायचं कसं ते मावशींनीच शोधलं, मला नव्हतं सुचलं. खालची कड धरून सदरा काढतो तसं वर उलटवत न्यायचं. धूळ लागलेली बाजू आपोआप आत जाते. मग नाडी सोडून दांड्यावरून काढायचं आणि तसंच बादलीत बुडवायचं. गॅलरीतून झटकायचं नाही, खाली कुणाचे कपडे वाळत असतात.

बी-२०३, १०:३१
दांड्याच्या कडीत मी दोरी ओवली आहे. बी विंगच्या मीटरखाली खिळा ठोकतो, झाडू तिथे टांगलेला राहील. आजी, टांगला तर चालेल ना?

बी-१०१ आजी, शनिवार, सकाळी ६:४०
चालात. पाय लागूक नये, इतक्याच.

सेक्रेटरी, ९:०५
मावशींसाठी अजून दोन शिवाल का? एक वाळत असताना दुसरं, आणि एक पावसापाण्याला जादा. दोऱ्याचा, कापडाचा जो खर्च होईल तो मेंटेनन्समधून देतो. धुण्याचं काम वाढलं, त्याचे पैसे या महिन्यापासून मावशींच्या पगारात वेगळे धरूया. कुणाची हरकत?

ए-४०२, ९:०७
हरकत नाही. माझ्याकडून हो.

सी-२०१, ९:०८
हो.

सी-३०३ काका, ९:१०
हो. बेतायला दोन्ही माझ्याकडे पाठव, तू फक्त शीव.

ए-२०४, ९:२२
आज मावशी चौथ्या मजल्यापर्यंत न थांबता गेल्या. खोकला आहेच थोडा, पण बसावं लागलं नाही. ताई, त्यांना एकदा तुमच्या दवाखान्यात दाखवायला घेऊन येऊ का? सोमवारी मला सुट्टी आहे.

ए-४०२, ९:२५
साडेनऊला या. छाती तपासून घेऊ. मी तिथेच आहे.

ए-२०४, ९:२७
येतो. शेजारच्या बिल्डिंगच्या मावशींनाही एक हवं आहे, दोघी बहिणी आहेत म्हणे. दुपटी पुरतील. मच्छरदाणी संपली. कुणाकडे जुनी आहे का?

सी-१०२, ९:३४
आमच्याकडे एक आहे, हिरवी. एका कोपऱ्यात फाटली आहे, बाकी चांगली आहे. धुऊन संध्याकाळी आणून देते.