मदत हवी आहे: ऑफिस आणि ट्रेक, दोन्हीला चालेल अशी एकच सॅक

घाईत_आहे:
मंडळी, रोज ऑफिसला आणि सुट्टीत ट्रेकला चालेल अशी एकच चांगली सॅक सुचवा. आत्ताच्या बॅगेचा पट्टा शिवणीत उसवलाय, सेफ्टीपिनवर चाललंय. शनिवारी निघायचंय, त्यामुळे ऑनलाइन मागवायला वेळ नाही. पुण्यात दुकानात जाऊन घेता येईल अशीच सांगा. आणि कृपया "गरजेवर अवलंबून आहे" हे उत्तर नको, तेच वाचून डोकं उठलंय.

कातळकडा:
गरजेवरच अवलंबून आहे हो, काय करणार! बजेट? लॅपटॉप किती इंची? ट्रेक एका दिवसाचा की मुक्कामी? ऑफिसला बसने, मेट्रोने की दुचाकीवर? उंची?

घाईत_आहे:
लॅपटॉप नेहमीसारखाच. ट्रेक पण नेहमीचेच. बजेट वाजवी. उंचीचा काय संबंध?

सदाशिव_निवासी:
वाजवी म्हणजे आमच्या पेठेत ३०० आणि तुमच्या हिंजवडीत ८०००. आकडा टाका की.

पावसाळी_बेडूक:
दादा, डोळे झाकून ४५ लिटरची घ्या. मोठी सॅक अर्धी रिकामी नेता येते, लहान सॅक ताणून मोठी होत नाही. मी हरिश्चंद्रगड, कळसूबाई, सगळीकडे तीच नेतो.

लोकलवाला:
४५ लिटर घेऊन रोज ऑफिसला? लोकलमध्ये चढून दाखवा. आम्ही इकडे बॅग पोटावर लावतो, त्या हिशोबाने २० लिटरच्या वर जाऊच नये.

सदाशिव_निवासी:
पुण्यात लोकल फक्त लोणावळ्याला जाते. पुढे बोला.

फुकटचा_सल्ला:
सॅक कुठलीही घ्या हो, आधी बूट बघा. निम्मे लोक गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज घालून येतात आणि शेवाळावर आपटतात. साधे ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग शूज घ्या. सह्याद्रीतल्या कातळावर तेच पकडतात, महागड्यांच्या नादी लागू नका.

घाईत_आहे:
बूट आहेत. सॅक. सॅक हवी आहे. आणि दादा नाही, ताई. बजेट ३००० पर्यंत. लॅपटॉप १५ इंची. ट्रेक म्हणजे बहुतेक रविवारी सिंहगड, अधूनमधून राजगड-तोरणा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मुक्काम क्वचित, तेव्हा तंबू, मॅट सगळं ग्रुपकडून मिळतं. ऑफिसला स्कूटर. उंची ५ फूट १. आता तरी सांगा!

कातळकडा:
हे सगळं पहिल्या प्रतिसादात आलं असतं तर एव्हाना सॅक पाठीवर असती. असो.

ताई, तुमच्यासाठी २५ ते ३० लिटर. पावसाळ्यात एका दिवसाला दोन-तीन लिटर पाणी, डबा, कपड्यांचा एक जोड, जर्किन, टॉर्च आणि औषधं एवढं त्यात आरामात बसतं. ४५ लिटर तुमच्या उंचीला नकोच. उंचीचा संबंध असा: सॅकचं माप लिटरमध्ये दिसतं, पण पाठीला बसते ती पाठीच्या लांबीवर. मान खाली घाला, मानेच्या बुडाशी जे हाड वर येतं तिथून टेप लावा. मग कमरेच्या हाडांवर हात ठेवा, अंगठे मागे. दोन्ही अंगठ्यांना जोडणाऱ्या रेघेपर्यंत जी लांबी येईल ती तुमची पाठ. सॅकची पाठ त्याहून फार लांब असेल तर कमरेचा पट्टा कमरेवर न बसता खाली मांड्यांकडे घसरतो आणि सगळं ओझं खांद्यावर येतं.

पावसाळी_बेडूक:
एका दिवसाच्या ट्रेकला कमरेचा पट्टा हवा कशाला? पाच-सहा किलो वजन, त्यात काय पट्टा. मावळे काय पट्टे लावून चढत होते?

कातळकडा:
मावळे लॅपटॉप घेऊन चढत नव्हते. पाच-सहा किलोला गादीवाला जाड पट्टा नको हे मान्य, साधी पट्टी पुरते. तिचं काम सॅक डुलू न देणं. राजगडाला गुंजवणे गावातून चोर दरवाजाच्या वाटेने चढताना शेवटी रेलिंग धरून वर जावं लागतं. तिथे सॅक एका बाजूला झुकली की माणूसही झुकतो. आणि बाहेर काही लटकवू नका. त्या दरवाजातून वाकून आत शिरताना सॅकवर आडवी बांधलेली मॅट दोन्हीकडे अडते, आणि मागे रांग लागलेली असते.

रानवाट:
पाठीला जाळी असलेलीच घ्या असं माझं ठाम मत. पाठ आणि सॅकमध्ये हवा खेळते, एप्रिल-मेमध्ये सिंहगड चढताना फरक कळतो.

कातळकडा:
फक्त ट्रेकला असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण ताणलेल्या जाळीसाठी आतली फ्रेम वाकवलेली असते. १५ इंची लॅपटॉप सपाट, तो त्या बाकात नीट बसत नाही, आणि सामानाची जागाही तेवढी कमी होते. रोज लॅपटॉप न्यायचा तर सपाट पाठीची, फोमच्या पट्ट्यांमध्ये खाचा असलेली सॅक बरी. घाम येईल थोडा.

रानवाट:
थोडा?! कोथरूड ते हिंजवडी दुपारी स्कूटरवर जाऊन बघा.

सदाशिव_निवासी:
दुपारी कोण जातं? (अवांतर: आमच्या वेळी शबनम पिशवी खांद्याला लावून ५० नंबरच्या बसने सिंहगडाच्या पायथ्याला उतरायचो, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन परत. सॅक नव्हती, गुडघे होते.)

लोकलवाला:
दही अजून मिळतं का मडक्यात?

सदाशिव_निवासी:
मिळतं. मडकं लहान होत चाललंय.

शिवणयंत्र:
दही बाजूला ठेवा. ताई, पट्टा उसवला म्हणून बॅग टाकू नका, बॅग दुरुस्तीवाल्याकडे न्या. त्याला सांगा जाड नायलॉनचा दोरा वापर आणि पट्टा जिथे पाठीला जोडलाय तिथे चौकोन शिवून त्यात फुली मार. नुसती सरळ टीप मारली तर दोन महिन्यांत पुन्हा उसवणार. नवीन घेतानाही हीच जागा बघा. खांद्याचा पट्टा वर धरून जोरात हिसका द्या. टाके उघडे पडले, आतलं कापड दिसलं, तर ठेवून द्या. चेनही दुकानातच कोपऱ्यावरून चार-पाच वेळा फिरवा. नेहमी वळणावरच अडकते.

घाईत_आहे:
हे कामाचं. आणि पाऊस? रेनकव्हर असलेलीच घेऊ ना?

पावसाळी_बेडूक:
अर्थातच! रेनकव्हरशिवाय जूनमध्ये बाहेर पडायचंच नाही.

रानवाट:
रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही. पाणी मानेवरून पाठीवर आणि पाठीवरून सॅकमध्ये उतरतं. वर कव्हरच्या खोळीत तळाला पाणी साठतं. आणि राजगडाच्या संजीवनी माचीवरच्या वाऱ्यात कव्हर उडून दरीत गेलेलं मी स्वतः पाहिलंय. माझा साधा उपाय: सॅकच्या आत कचऱ्याची मोठी जाड काळी पिशवी, सामान त्यात, तोंड पिळून दुमडायचं. रविवार पेठेत बोहरी आळीत किलोवर मिळतात.

पावसाळी_बेडूक:
म्हणजे लॅपटॉप कचऱ्याच्या पिशवीत?

रानवाट:
कोरडा लॅपटॉप कचऱ्याच्या पिशवीत, हो.

कातळकडा:
दोन्ही वापरा, भांडू नका. स्कूटरवर कव्हर, गडावर पिशवी. एक आणखी: भिजलेली सॅक तशीच माळ्यावर टाकू नका, आणि वॉशिंग मशीनमध्ये तर नकोच. आतून पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर असतो तो दमटपणाने चिकट होतो आणि मग त्याच्या पापड्या सुटतात. ब्रश, साधा साबण, सावलीत उलटी टांगून वाळवा.

आणि स्कूटरचं राहिलंच. उंच सॅकचं बूड मागच्या सीटवर टेकतं, मग सॅक वर सरकते आणि वरचं टोक हेल्मेटला मागून ढकलतं. दुकानात बसून बघा, हेल्मेट घेऊन जा. लाजू नका. कमरेची पट्टी स्कूटरवर लोंबत ठेवायची नाही, निघणारी किंवा आत खोचता येणारी बघा.

फुकटचा_सल्ला:
बुटांचे सोल बघितलेत का पण?

घाईत_आहे:
झाली एकदाची खरेदी. हेल्मेट घेऊन गेले, दुकानातला मुलगा आधी हसला, मग स्वतःच सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून वजन करून दिलं. तीन लावून पाहिल्या. जाळीवाली अंगाला सगळ्यात छान वाटली पण लॅपटॉप खरंच वाकडा बसत होता. सपाट पाठीची २८ लिटरची घेतली, २६०० ला. पट्टी निघते. पट्ट्याच्या बुडाला चौकोनात फुली आहे. मानेपाशी एक छोटी पट्टी आहे, दोन्ही खांद्यांवर. ती कशाला?

कातळकडा:
ती ओढली की सॅकचं वरचं टोक पाठीकडे येतं. क्रम असा: आधी कमरेची पट्टी, मग खांद्याचे पट्टे, मग ही, शेवटी छातीची. उतारावर सगळे थोडे घट्ट करा. ऑफिसला काही लावलं नाही तरी चालेल.

रानवाट:
अभिनंदन. जाळीवाली घ्यायला हवी होती.

हिमशिखर_वेडा:
धागा आत्ताच पाहिला, प्रतिसाद वाचलेले नाहीत. ताई, हिमालयासाठी ६० लिटरच्या खाली काही उपयोगाचं नाही. कुठल्या ट्रेकला चाललाय?