शब्दचर्चा: फाइलमधली 'ओळ' म्हणजे नक्की कोणती?

पायथनमधे टेक्स्ट फाइल लाइन बाय लाइन कशी वाचायची यावर मराठीत नोट्स करतेय, 'लाइन'ला काय लिहू, ओळ, पंक्ती की रेघ? आणि नोटपॅडमधे चार ओळी दिसतायत तरी प्रोग्राम एकच मोजतोय, ते का?

— पंक्ती नको हो, पुस्तकी वाटतं. रेघ आखतात, रांग लावतात, लिहितात ती ओळ. ओळच ठेवा.

— ओळ बरोबरे, पण तुमचं वर्ड रॅप चालू असणार. खिडकीची रुंदी संपली की मजकूर नुसता खाली दिसतो, फाइलीत तिथे काहीच नसतं, फाइलीतली ओळ संपते ती एंटर मारलाय तिथे. जुन्या पोथीत कसं, कागद संपला की अक्षरं खाली जातात पण ओवी संपते दोन दंडांपाशीच, तसं.

— त्या एंटरच्या खुणेला न्यूलाइनच म्हणा, मराठी शब्द शोधत बसू नका, पोरांना एररमधे तोच दिसणारे. आणि ही खूण ओळीतच धरलेली असते बरं का! फॉर लूपमधे ओळ वाचून नुसती प्रिंट केली की मधे मधे रिकाम्या ओळी येतात त्या म्हणूनच, एक न्यूलाइन फाइलीतली आणि एक प्रिंटने घातलेली. मग सगळे स्ट्रिप (दोन्ही टोकांच्या स्पेस, न्यूलाइन काढणारं फंक्शन) लावतात आणि सुरुवातीच्या स्पेसही उडवून बसतात. आरस्ट्रिप फक्त शेवटचं टोक साफ करतं, त्याला फक्त न्यूलाइन द्यायचं, काम झालं.

— 'रिकामी ओळ' पण जपून वापरा ताई. एकेक ओळ वाचणाऱ्या रीडलाइनला रिकामी ओळ लागली तर नुसती न्यूलाइन मिळते, अगदीच रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, आली तर फाइल संपली. दोन्हीला 'रिकामी' म्हटलंत तर पोरं लूप अर्ध्यातच थांबवणार.

— अच्छा! पण शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलं नसेल तर ती ओळ धरायची का?

— पायथन धरतो. युनिक्सच्या डब्ल्यूसी या ओळी मोजायच्या कमांडला विचाराल तर एक कमी सांगेल, ती ओळी नाही मोजत, न्यूलाइन मोजते. पोसिक्सच्या, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकाच्या, व्याख्येतच न्यूलाइनने संपते ती ओळ, त्यामुळे त्यांच्या हिशेबी तुमची शेवटची अर्धवट.

— विंडोजची फाइल असेल तर शेवटी दोन खुणा असतात, 13 आणि 10 नंबरच्या, टाइपरायटरचा गाडा मागे नेणं आणि कागद वर सरकवणं यांच्या आठवणी. टेक्स्ट मोडमधे पायथन त्यांची एकच करून देतो, बायनरी मोडमधे, म्हणजे फाइलीतले बाइट जसेच्या तसे वाचताना, मात्र दोन्ही हातात येतात.