स्वेटरचा पुढचा भाग पाठीपेक्षा मोठा झालाय, उसवू का?

भाच्यासाठी पहिल्यांदाच स्वेटर विणतेय, ९ नंबरच्या सुया, बॉर्डर एक सुलट एक उलट. पाठ मस्त झाली पण पुढचा भाग मुंढ्यापर्यंत आला आणि पाठीवर ठेवून बघितलं तर पाऊण इंच जास्त रुंद, टाके तेवढेच आहेत, तीनदा मोजले! रडूच आलं.

लोकरवेडी: हात सैल पडलाय ताई. सगळ्यांचंच होतं, पहिला भाग जपून घट्ट विणतो आणि मग सवय झाली की हात मोकळा होतो. उसवा, पण बॉर्डर नीट असेल तर तिथेच थांबा. आधी बॉर्डरच्या शेवटच्या ओळीतल्या प्रत्येक टाक्यातून जाड दोरा ओवून घ्या, म्हणजे टाके निसटणार नाहीत. आता १० नंबरच्या सुया घ्या, त्या बारीक असतात.

सुलटउलट: उसवलेली लोकर नागमोडी होते, तशीच विणू नका. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून वाळत टाका.

उसवलं काल रात्री. लड दोरीवर वाळतेय, बॉर्डर वाचली!! खूप आभार दोघींचे.