आण्णांचं डायलिसिस खासगीतून सिव्हिलला न्यायचं आहे, कुणी नेलंय का?

द्राक्षबाग_तासगाव:
आण्णांचं (वय ६७) डायलिसिस सांगलीत खासगी दवाखान्यात चालू आहे, आठवड्यातून दोनदा. यंदा अवकाळीनं बाग हातची गेली, खर्च झेपेना. केशरी रेशनकार्ड आहे. आण्णा म्हणतात, डॉक्टर बदलला तर मी येणार नाही. मधेच बदललं तर काही बिघडेल का?

मिरजेची_सून:
भाऊ, नव्या ठिकाणी नंबर लागून पहिलं डायलिसिस झाल्याशिवाय जुनी वेळ सोडू नका. मधे एक पाळी चुकली तरी अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, मग रात्री धाप लागून पळापळ.

माझे मालक असेच खासगीतून सरकारीत आले. तिथल्या सिस्टरनी पहिलं विचारलं ते ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन. किती पाणी ओढायचं ते त्यावरच ठरतं. जुन्या कार्डावर आधीचं-नंतरचं वजन, बीपी, हेपॅरिन (रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) सगळं लिहिलेलं असतं, त्याची झेरॉक्स घ्या. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचे ताजे रिपोर्टही लागतात. आमच्या जुन्या दवाखान्यात कागद द्यायला टाळाटाळ चालली होती. लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात, मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मागितला, कागद मिळाले.

आणि फिस्टुलाचा हात जपा, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला ऑपरेशननं शिरा जोडलेल्या असतात तो! गर्दीत कुणीही येऊन त्याच हाताला बीपीचा पट्टा गुंडाळतं. 'या हाताला नाही' हे आण्णांनी स्वतः ठणकावून सांगायला हवं. रोज त्यावर बोटं ठेवून थरथर लागते का बघायचं, आमचे हे चहाच्या आधी बघतात. थरथर थांबली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आण्णांचं म्हणणं मला पटतं. विश्वास बसायला वेळ लागतो. डायलिसिस सरकारीत आणि अधूनमधून तपासणी जुन्या डॉक्टरांकडे, असं आम्ही करतो. फक्त औषधं एकाच वहीत लिहा, नाहीतर बीपीची तीच गोळी दोन नावांनी दोनदा पोटात जाते.

केसपेपर_काका:
हलवायच्या आधी योजनेचं बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेतल्या खासगी दवाखान्यातसुद्धा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. तुमचा दवाखाना यादीत असेल तर तिथेच आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. एसटीचंही विचारा. ६५ च्या पुढं अर्धं तिकीट असतंच, पण डायलिसिसच्या पेशंटला साध्या गाडीत पूर्ण माफ आहे, दवाखान्याचा दाखला लागतो.

द्राक्षबाग_तासगाव:
योजनेचं आम्हाला कुणी बोललंच नव्हतं. सोमवारी आण्णांची पाळी आहे, तेव्हाच विचारतो. ताई, हिमोग्लोबिनचं इंजेक्शन सरकारीत मिळतं का?

मिरजेची_सून:
आम्हाला मिळतं, पण कधीकधी साठा संपलेला असतो. आदल्या दिवशी फोन करून विचारा. बाहेरून आणायची वेळ आली तर बर्फाच्या डब्यात आणा, पण थेट बर्फाला लागून गोठू देऊ नका, उन्हात पिशवीत ठेवू नका.