भाषाशिक्षकांनो, ठरवून दिलेली पातळी तुमच्या वर्गात कशी उतरते?

तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत, असं 2021 चं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सांगतं. शिक्षकालाही टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, खुल्या गटात 150 पैकी 90 गुण हवेत; ती सेवेतल्यांनाही लागू करणाऱ्या 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे त्यांतले बरेच जण पुन्हा अभ्यासाला बसलेत. माझ्या मते पातळी हवीच. ती मोजतात कशी, यावर मात्र आपण स्टाफरूमबाहेर बोलत नाही. मुंबईतल्या सगळ्या माध्यमांच्या शिक्षकांनी लिहा. शाळेचं नाव नको.

गोवंडी, मराठी माध्यम, तिसरी
वर्गातल्या बहुतेकांच्या घरी मराठी नाही. एक मुलगी झरझर वाचते, साठच्या पुढे जाते. गोष्टीत काय झालं विचारलं की गप्प. दुसरा मुलगा अडखळत वाचतो. 'रहाट' शब्दाशी थांबला, "बाई, हे काय असतं?" विचारलं, मी फळ्यावर चित्र काढलं आणि मग त्याने अख्खी गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली. तक्त्यात तो मागे, ती पुढे. उद्दिष्टात 'अर्थासह' लिहिलंय, पण घाईत भरला जातो तो आकडाच. तरी मी या निकषांच्या बाजूने आहे. पूर्वी शेवटच्या बाकावरचं मूल न वाचता पाचवीत जायचं आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आता प्रत्येकाला शेजारी बसवून ऐकावं लागतं. हे ऐकणं मला फार मोलाचं वाटतं.

कुर्ला, उर्दू माध्यम
उर्दूत जेर-जबर, म्हणजे ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, छापलेले नसले की मूल संदर्भावरून उच्चार ठरवतं. त्याला वेळ लागणारच. एनसीईआरटीच्या 2022 च्या पाहणीत 20 भाषांचे निकष वेगवेगळे काढले होते. आमच्याकडे अजून साठच विचारतात.

दादर, माध्यमिक, मराठी
टीईटी देतोय, तक्रार नाही. पण सगळे प्रश्न पर्यायी. माझे उच्चार, मी निबंध कसा तपासतो, कविता कशी वाचतो, हे त्यात कुठेच येत नाही. कुणीतरी जाणत्याने तासाला मागे बसावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

घाटकोपर, अन्य मंडळाची शाळा
2020 च्या कायद्याने मराठी सक्तीची झाली, म्हणून माझी नोकरी आहे. पालक पहिल्याच सभेत विचारतात, "याचे गुण धरतात का?" वरून काही पातळी ठरलीच नसती, तर माझा तास पीटीला गेला असता.

विलेपार्ले, जर्मनचे खाजगी वर्ग
आमच्याकडे ए1 ते सी2 अशा सहा पायऱ्या. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण, चारही तपासतात. मुख्य म्हणजे तयारी झाली की विद्यार्थी स्वतः परीक्षेची तारीख निवडतो. गोवंडीच्या बाईंच्या त्या मुलाला तारीख निवडता येत नाही. त्याला पुन्हा वाचायची संधी तरी मिळावी, आणि तक्त्यात त्याने सांगितलेल्या गोष्टीसाठी एक रकाना हवा.