बीटर चाटणाऱ्यांनो, हजर व्हा!

काल लेकीने बीटरचं पातं तोंडात घातलं आणि मी अशी किंचाळले की बीटर खाली आणि फ्रिजवर चॉकलेटचे शिंतोडे. सातवीतलं आठवलं हो! आई कुकरची शिट्टी काढून, तळाला वाळू घालून केक करायची. तिची नजर चुकवून मी वाटीभर मिश्रण हाणलं. दुसऱ्या दिवशी ताप, मुरडा, रात्रभर संडासच्या फेऱ्या, शेवटी सलाईन. डॉक्टरकाकांचा संशय कच्च्या अंड्यावर. चार दिवस मऊभात. तुमचं काय?

खमंगकाकू: आमच्याकडे एगलेस, कंडेन्स्ड मिल्कवाला. आम्ही बिनधास्त चाटतो 😄

सूक्ष्मजीव: काकू, बिनधास्त नको. मैदा कच्चाच असतो. शेतात गव्हाला शेणामातीतून जंतू लागतात, दळल्याने मरत नाहीत. 2016 मध्ये अमेरिकेत मैद्यातून ई. कोलाय पसरला, 63 जण आजारी पडले. लहान मुलांच्या कधीकधी किडनीवर जातं ते.

खमंगकाकू: अगंबाई! आणि नातू टोप पुसून खातो माझा.

पुणेरी_पळी: मग मैदा आधी कढईत भाजला तर? लाडवाचं बेसन भाजतो तसा?

सूक्ष्मजीव: घरी त्याची खात्री नाही. कोरड्या पिठात साल्मोनेला हा जंतू फार चिवट होतो. केक नीट भाजला की प्रश्न मिटला. (टाइप करताना दूध उतू गेलं, आले.)

दादरकर: थांबा थांबा. लहानपणी आई पोळ्या करताना कणकेची चिमणी करून द्यायची. ती दिवसभर खेळून, काळी झाली की मी खायचो. मग मी जिवंत कसा?

पुणेरी_पळी: काळी चिमणी 🤣🤣

सूक्ष्मजीव: नशीब! आता तव्यावर भाजून खा.

टेम्सकाठी: इकडे ब्रिटनमध्ये अंड्यांवर सिंहाचा शिक्का असतो, ती 2017 पासून गरोदर बायकांनाही अर्धीकच्ची चालतात. हे ऐकून मी सहाव्या महिन्यात खुशाल बॅटर चाटलं. मैद्याचं आज कळतंय. मुलगा आता पाच वर्षांचा आहे, ठणठणीत, पण पोटात गोळा आला वाचून.

मोदकप्रेमी: मिश्रण ओट्यावर दोन तास राहिलं होतं, मुलीच्या वाढदिवसाला. पाहुण्यांच्या पोरांनी बोटं घालून संपवलं. तिसऱ्या दिवशी दोघांना जुलाब. वहिनी अजून टोमणे मारतात. केकमुळेच की पाणीपुरीमुळे, देव जाणे, पण बोल मलाच.

दादरकर: वहिनींना चिमणी द्या करून.

खमंगकाकू: ते राहू दे, कुकरमध्ये वाळू घालता की मीठ? माझ्या मिठाचा पार दगड झालाय.

पुणेरी_पळी: मीठच. पण रबराची रिंग काढलीत ना?

खमंगकाकू: रिंग?? थांबा, गॅस बंद करून येते.